अण्णांच्या ट्रंकेच्या कुलपाबाबत खुलासा

किल्ली कुलपातच मोडली आणि अर्धी माझ्या हातात राहिली. ट्रंकेच्या आत मैत्रीचा फोन वाजत होता. सहा वाजून चार मिनिटं झाली होती. नंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आता?" मी म्हणालो, "थांब." थांबून काय होणार ते मलाही माहीत नव्हतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत अडचण आली की मी हेच म्हणत आलो आहे.

प्रिय शालनताईस, सप्रेम जय भीम. (मायना आधी लिहायला हवा होता. पण तू पत्राच्या पहिल्या दोन ओळी बिनचष्म्याने वाचतेस आणि चष्मा शोधायला गेलीस की तासभर परत येत नाहीस. म्हणून महत्त्वाचं वर घेतलं.) यानंतर आम्ही तिघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. ते वाक्य सध्या राहू दे. दाजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस. ते चढतीलच, पण तू सांगितलंस एवढं राहील. तुझ्या राजनंदिनीला बढती मिळाल्याचं नंदाकडून कळलं, तिला माझा आशीर्वाद. परभणीला ऊन असेल. इथेही आहे.

पत्राचं कारण अण्णांची ट्रंक. ती काळी, पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव असलेली ट्रंक तू बावीस वर्षं मागते आहेस आणि मी देत नाही. अण्णांनी ती तुला दिली असं तुझं म्हणणं. त्या वेळी त्यांना ताप होता असं माझं म्हणणं. त्या वादात मला पुन्हा शिरायचं नाही. मला फक्त लेखी नोंदवायचं आहे की तिचं पितळी कुलूप मी कापलेलं नाही, फोडलेलं नाही आणि हरवलेलंही नाही. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचू देत नाहीस, म्हणून हे कागदावर.

आता ट्रंकेत फोन कसा गेला ते. मैत्री एकोणीस वर्षांची झाली, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तू तिला राजनंदिनीच्या लग्नात पाहिलंस, तेव्हा ती इतकी बोलत होती की दाजी तिची बॅटरी कुठे आहे ते शोधत होते. गेल्या ऑक्टोबरपासून तिचा आवाज कमी होत गेला. (खरं सांगायचं तर सुरुवातीला मला घर शांत झाल्याचं बरं वाटलं.) ती उशिरा उठू लागली, कॉलेजला जाते म्हणून निघायची आणि दोन विषयांत नापास झाली. हातात सतत फोन. माणूस निजलेला आणि अंगठा चालू. जेवताना डाव्या हातात फोन, उजव्या हातात घास, आणि घास तसाच. नंदा म्हणायची, "हिला काहीतरी होतंय." मी म्हणायचो, फोन होतोय.

फेब्रुवारीत कॉलेजने पालक सभा घेतली. नंदाची शाळा होती (ती अजून महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवते आणि घरी आल्यावर आम्हालाही), म्हणून मी एकटा गेलो. मानसशास्त्राच्या एका प्राध्यापक बाईंनी कॉलेजच्याच मुलांची पाहणी केली होती. किती वेळ फोन बघता, झोप लागते का, छातीत धडधडतं का, रडू येतं का, असे प्रश्न. त्यांनी पडद्यावर एक चढती रेघ दाखवली. जी मुलं फोन जास्त बघतात ती जास्त उदास असतात, जास्त घाबरतात. मला फार बरं वाटलं. इतका स्पष्ट पुरावा आमच्या खात्यात कधी येत नसे. बाई पुढे म्हणाल्या, "मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्या," आणि माझा फोन वाजला. सभेत पुढच्या रांगेत, मोठ्याने. निवृत्तांच्या गटातल्या कुणीतरी चुकून मला व्हिडिओ कॉल लावला होता आणि तो बंद होईना, उलट त्या गृहस्थाचं कपाळ दिसू लागलं. मी बाहेर गेलो. कपाळाला समजावून परत आलो तेव्हा चहा सुरू झाला होता. एक छापील कागद मिळाला, तो घडी घालून खिशात ठेवला.

घरी येऊन मी बंदोबस्त केला. मला एकच पद्धत येते. तुला ठाऊक आहे, तुरुंगाच्या कचेरीत माझं टेबल आत येणाऱ्याच्या सामानाचं होतं. घड्याळ, पाकीट, अंगठी, जे असेल ते लिहायचं, सही घ्यायची, पिशवी शिवायची, लाख लावायची, पावती द्यायची. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक बटणसुद्धा गहाळ झालं नाही. मी खिशातला कागद काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मोबाइल एक, काळा, डाव्या कोपऱ्यात काचेला तडा. कव्हर एक, त्यावर मांजर. चार्जर एक. मैत्रीला वाचून दाखवलं. फोनशी मुलाखत, म्हणजे भेट, रोज संध्याकाळी सहा ते सहा वीस, माझ्या देखत. नंदा म्हणाली, "बिल्ला पण द्या ना पोरीला. आणि पट्ट्यापट्ट्याचा झगा." मी दुर्लक्ष केलं. ती म्हणाली, "मग तुमचाही टाका." हे कायद्याला धरून होतं. माझाही फोन नोंदवला. (काचेवर हळदीचा डाग.) दोन्ही फोन एका पिशवीत, रोज नवी शिवण आणि लाख, पिशवी आणि हा कागद अण्णांच्या ट्रंकेत, वर अण्णांचं कुलूप. चार्जिंगसाठी एक दिवसाआड तासभर सुटका.

मैत्री भांडेल अशी मी तयारी ठेवली होती. मुद्दे काढले होते. तिने कागद न वाचता सही केली. पावती टेबलावरच राहिली. मी ती वहीत चिकटवली. हो, वही होती. बंदोबस्त म्हटला की वही आलीच. रोजचा दिनक्रम, जेवण, झोप, मुलाखत. तिसऱ्या दिवशी मी ट्रंक तपासणीसाठी उघडली आणि न्हाणीघरात उभं राहून माझ्या फोनची चाळीस मिनिटं तपासणी केली. निवृत्तांच्या गटावर दोनशे अकरा संदेश आले होते. त्यांत एकशे नव्वद सुप्रभात. सगळे वाचले. वहीत त्या दिवशी फक्त 'तपासणी केली, सर्व ठीक' असं आहे.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, म्हणजे काल, मुलाखतीच्या वेळेला मी कुलूप उघडायला गेलो. किल्ली अडली, मी जोर लावला आणि ती मोडली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मैत्री खोलीतून बाहेर आली. ट्रंकेपाशी जमिनीवर बसली आणि झाकणावर हात ठेवला, आजारी माणसाच्या अंगाला हात लावून बघावं तसा.

"पूर्णिमा असेल," ती म्हणाली. "बाबा, तिला फोन उचलून सांगा ना."

पूर्णिमा म्हणजे तिची वर्गमैत्रीण, धायरीला राहते, एवढंच मला माहीत होतं. नंदाने स्वतःचा फोन पुढे केला. मैत्रीला नंबर पाठ नव्हता. तो ट्रंकेतल्या फोनमध्ये होता. (आपल्याला अजून नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीचा जुना नंबर पाठ आहे. तो आता कुणी उचलत नाही.) खाली किल्ल्या करणारा बसतो, त्याला बोलावलं. तो म्हणाला हे जुनं काम आहे, कटर आणतो, दोन मिनिटांत कापतो. ताई, मी नको म्हणालो. माझी मुलगी जमिनीवर बसलेली, आत फोन वाजतोय, आणि माझ्या डोळ्यांसमोर तू. अण्णांचं कुलूपसुद्धा भीमाने घालवलं, असं तू मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही उभं राहून सांगशील. किल्लीवाला म्हणाला, मग कसबा पेठेत जा, तिथे मच्छिंद्र म्हणून जुना माणूस आहे. मी ट्रंक रिक्षात घातली.

ती रिक्षा मी विसरणार नाही. ट्रंक माझ्या दोन पायांमध्ये, संध्याकाळची गर्दी, पुलावर कुणी पुढे सरकत नाही आणि दर तीन मिनिटांनी ट्रंक वाजते. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"काका, आत कोणाला कोंडलंय?"

"फोन आहे."

"मग उचला की."

"कुलूप आहे."

पूल संपला. तो म्हणाला, "फोन तुमचाच आहे ना?" मी म्हणालो, मुलीचा. "ती कुठंय?" घरी. "कामाला कुठं होता तुम्ही?" मी म्हणालो, तुरुंगात, एकतीस वर्षं. त्यानंतर त्याने एकही सिग्नल मानला नाही आणि मला पेठेच्या तोंडाशीच उतरवलं. ट्रंक डोक्यावर घेऊन गल्लीत शिरलो. ती डोक्यावर वाजली. लोकांनी वाट दिली.

मच्छिंद्र नावाचे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, एका फळीवर बसलेले. त्यांनी कुलूप उजेडाकडे धरलं.

"किल्ली कुणी मोडली?"

"मी."

"जोर लावलात?"

"लावला."

"हे जोर लावायचं कुलूप नाही. आत काय आहे?"

"मुलीचा फोन."

"चोरीला जाऊ नये म्हणून?"

"तिने बघू नये म्हणून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, चिमट्याने किल्लीचा तुकडा काढला आणि एक पातळ पट्टी आत सारली. कुलूप उघडलं. ओरखडासुद्धा नाही. (तू येऊन भिंग लावून बघ.) "वाजतोय," ते म्हणाले. "आता तरी उचला."

मी लाख तोडली, पिशवी उसवली आणि फोन उचलला. एका मुलीचा आवाज आला, धावल्यासारखा. "मैत्री? मैत्री, बोल ना." मी म्हणालो, मी तिचा बाबा.

"काका, ती कुठंय?"

"घरी आहे."

"दिसतेय का तुम्हाला?"

"मी कसब्यात आहे."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

ताई, मी माझाही फोन पिशवीतून काढला. त्यावरून नंदाला लावला. नंदा म्हणाली, "आहे. बसलीय. ट्रंक होती तिथेच बसलीय." ते मी मैत्रीच्या फोनवर सांगितलं. पूर्णिमा रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली की ती बसमध्येच आहे, स्वारगेटला पोचलीय, आमच्याच घरी यायला निघालीय. ऑक्टोबरपासून या दोघींचं ठरलेलं आहे. रोज संध्याकाळी एकीने दुसरीला फोन करायचा. काही बोलायचं नसलं तरी चालेल. फक्त उचलायचा. मी मुलाखत चालू केली तेव्हा मैत्रीने तिला सहाची वेळ दिली. उचलला नाही तर यायचं. "आम्ही एकमेकींची हजेरी घेतो, काका," ती म्हणाली.

तुरुंगात संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी कैद्यांची गिनती होते. एक माणूस जरी जुळला नाही तरी सगळं थांबतं. कुणी जेवत नाही, कुणी घरी जात नाही. एकतीस वर्षं मी त्या गिनतीच्या आवाजावर घड्याळ लावलं. माझ्या घरात दोन पोरी तीच गिनती करत होत्या आणि मी समोर खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

परत येताना मांडीवर ट्रंक उघडी होती. सामानाचा कागद हातात आला. मी तो पहिल्यांदा उलटून वाचला. बाईंची चढती रेघ होती आणि तिच्याखाली छापलं होतं: फोनमुळे मन उदास होतं की उदास मन फोनकडे जातं, हे या पाहणीवरून सांगता येत नाही, बहुधा दोन्ही खरं असावं. पालकांनी फोन एकाएकी काढून घेऊ नये. आधी मुलांशी बोलावं. याच वाक्याच्या पाठीमागे माझ्या अक्षरात 'कव्हर एक, त्यावर मांजर' होतं. शाई इकडे उमटली होती.

घरी पोचलो तोवर पूर्णिमा आली होती. उंच, सडपातळ, पाठीवर सॅक. दोघी गॅलरीत बसल्या होत्या, फारसं बोलत नव्हत्या. नंदाने त्यांना कांदेपोहे दिले होते आणि मैत्रीची बशी निम्मी रिकामी होती. मी फोन मैत्रीच्या हातात दिला. तिने तो उलटा करून बाजूला ठेवला. मी विचारलं, इतके दिवस यात काय बघतेस? (हा प्रश्न मी ऑक्टोबरपासून ओरडून विचारत होतो. काल प्रथमच बसून विचारला.) ती म्हणाली, "काहीच नाही, बाबा. बघताना बरं वाटतं असंही नाही. पण तेवढा वेळ बाकीचं ऐकू येत नाही." नंदाने विचारलं, बाकीचं म्हणजे काय गं? तेव्हा ती बोलली. सगळं इथे लिहीत नाही. कॉलेजच्या फाटकापर्यंत जायची, पाय आत जायचे नाहीत, समोरच्या बसथांब्यावर दुपारपर्यंत बसायची. फोनवर दुसऱ्यांची हसरी तोंडं बघून आणखी खचायची आणि तरी बघायची. अकरा दिवस फोन नव्हता तेव्हा काय केलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ऐकलं.

पूर्णिमाला बसला बसवून आल्यावर मी माझी वही उघडली. तुझ्यासाठी जशीच्या तशी उतरवतो. दिवस चौथा: मुलाखत सहा मिनिटं, एक फोन, बोलणं 'आहे, हं, तू, उद्या'. उरलेला वेळ स्वतःहून परत केला. प्रगती समाधानकारक. दिवस सहावा: अर्धी पोळी. आहार हलका. दिवस सातवा: आंघोळ नाही. पाण्याची बचत. दिवस नववा: दिवसभर भिंतीकडे तोंड करून. डोळ्यांना विश्रांती.

आमच्याकडे नवा माणूस घड्याळासाठी भांडला की मी निश्चिंत असायचो. पावती मागणारा माणूस बाहेर जायचं धरून चाललेला असतो. जो न वाचता सही करतो आणि पावती टेबलावर सोडून जातो, त्याचं नाव मी लक्षात ठेवायचो. त्याचं ताट परत येऊ लागलं, तो भिंतीकडे तोंड करून निजू लागला, की नावाखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढून कागद त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचो. उद्यावर कधी ढकललं नाही. परक्यांची नावं होती ती. काल मी तांबडी पेन्सिल शोधली. नंदाच्या कंपासपेटीत सापडली. वहीवर मैत्रीचं नाव होतं, त्याखाली रेघ ओढली.

तुरुंगात आमच्याकडे येणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मनाच्या एका डॉक्टरीणबाईंची उद्या सकाळची वेळ मिळवून दिली आहे. मैत्रीने विचारलं, "मला वेड लागलंय का?" मी म्हणालो, नाही, तुझ्या आत्याच्या मिस्टरांचा गुडघा आहे ना, तसं. ती म्हणाली, "ते डॉक्टरकडे जातच नाहीत." मी म्हणालो, म्हणूनच तर बरा होत नाही. ती किंचित हसली. वहीत लिहिणार होतो. लिहिलं नाही.

खुशाल आहोत असं आता लिहू शकत नाही. तिघंही घरात आहोत, हे मी मोजून लिहितो.

तुझा धाकटा भाऊ,
भीमराव

ता. क. ट्रंक घेऊन जा. अण्णांनी ती तुलाच दिली होती. ताप त्यांना दुसऱ्या दिवशी आला. पार्सलने पाठवणार नाही, पत्रा चेपतो. स्वतः ये.

ता. क. दोन. ट्रंकेसाठी नाही, ताई. राजनंदिनी झाल्यावर तू चार महिने आपल्या घरी होतीस, ते मला आठवतं. भिंतीकडे तोंड करून निजायचीस. बाळ रडलं तरी वळायची नाहीस. आईने अशक्तपणा म्हटलं आणि डिंकाचे लाडू केले. मी सोळा वर्षांचा होतो. पाणी भरायची पाळी रोज माझ्यावर यायची, म्हणून एकदा तुला म्हणालो, "सोंग पुरे, ऊठ." तू उठलीस आणि घागर घेऊन गेलीस. मला वाटलं मी तुला बरं केलं. तसं नव्हतं, एवढं काल कळलं. तू त्यातून कशी बाहेर आलीस हे आपल्या घरात कुणीच विचारलं नाही. मी आता विचारतो आहे. मला नाही सांगितलंस तरी चालेल. मैत्रीला सांग. यायला वेळ लागणार असेल तर तोवर फोनवर सांग. फोन तिच्याकडे आहे. सहाची वेळ सोडून कधीही कर.

ता. क. तीन. बुधवार. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. सकाळी साडेआठला तिघं निघालो. नंदाने शाळेत रजा टाकली. आमचा नंबर सातवा होता. डॉक्टरीणबाईंच्या दाराशी एक टोपली ठेवली आहे, आत जाताना फोन तीत ठेवायचे. मैत्रीने तिचा ठेवला, दारापर्यंत गेली आणि वळून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, पावती?" माझ्या खिशात बसचं तिकीट होतं. त्याच्या मागे लिहून दिली. तिने वाचली, घडी घातली आणि मुठीत धरून आत गेली.